चोर सोडून संन्याशाला सोनेरी रास्पबेरी : रॅझीवाल्यांना खुले पत्र

प्रति,
संस्थापक व सर्व मतदार सभासद,
गोल्डन रास्पबेरी अवॉर्ड फाउंडेशन,
अमेरिका.

विषय : मार्च 2000 मध्ये दिलेला एक पुरस्कार आणि एका लहान मुलाची दोन नामांकनं मागे घेण्याबाबत.

स. न. वि. वि.

आमच्याकडे नाटक पडायला लागलं की मागच्या रांगांतून हुर्यो उडते. त्यासाठी कुणाला सभासद व्हावं लागत नाही की वर्गणी भरावी लागत नाही. तुम्ही त्याच हुर्योची रीतसर संस्था केलीत, वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटांना ‘गोल्डन रास्पबेरी’, लाडाने ‘रॅझी’, वाटणारी. 1981 साली जॉन विल्सन यांच्या घरी ऑस्करच्या रात्री जमलेल्या मंडळींनी बैठकीच्या खोलीत हा खेळ मांडला आणि तो चाळीस वर्षांहून जास्त टिकला. गोल्फच्या चेंडूएवढी रास्पबेरी, ती सुपर 8 फिल्मच्या रिळावर बसवलेली, वरून सोनेरी रंगाचा फवारा. या सगळ्याची किंमत तुम्हीच सांगता त्याप्रमाणे 4 डॉलर 97 सेंट.

मला हा प्रकार आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत असताना कुणीतरी तोंडाने पुर्रर्र करणारा हवाच. पॉल व्हर्होव्हन, हॅली बेरी, सँड्रा बुलक ही मंडळी स्वतः येऊन तुमची रास्पबेरी हसत घेऊन गेली. बुलकबाईंनी तर दुसऱ्या दिवशी ऑस्करही नेलं. तेव्हा खेळ बंद करा असं सांगायला मी लिहीत नाहीये. वहीतली एक जुनी नोंद चुकलीय, ती खोडा, एवढंच म्हणणं आहे.

नोंद ‘स्टार वॉर्स : एपिसोड वन, द फँटम मेनेस’ची.

1983 नंतर तब्बल सोळा वर्षं लोकांनी या चित्रपटमालिकेच्या पुढच्या भागाची वाट पाहिली होती. नोव्हेंबर 1998 मध्ये ट्रेलर आला, तेव्हा लोक भलत्याच चित्रपटाचं तिकीट काढून आत जायचे, ट्रेलर बघायचे आणि मुख्य चित्रपट सुरू व्हायच्या आत उठून चालू लागायचे. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरबाहेर कित्येक आठवडे आधीपासून रांग लागली होती. अखेर 19 मे 1999 ला चित्रपट आला आणि पहिल्याच दिवशी अमेरिकेत 2 कोटी 85 लाख डॉलर जमले. तो तेव्हाचा विक्रम. त्या वर्षात जगभरात सर्वांत जास्त कमाई याच चित्रपटाची.

आणि सुरुवातीला पडद्यावर सरकणाऱ्या पिवळ्या अक्षरांत काय होतं? व्यापारी मार्गांवरच्या करआकारणीवरून पेटलेला वाद. सोळा वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला पानात आधी विक्रीकराचं परिपत्रक वाढावं, तशी गत.

समीक्षकांनी चित्रपटाची बिनपाण्याने केली असं आता सरसकट म्हटलं जातं. ते खरं नाही. मतं साधारण निम्मीनिम्मी होती. रॉजर एबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले आणि एक मार्मिक गोष्ट लिहिली : हा मालिकेतला पहिलाच चित्रपट असता तर याला द्रष्टेपणाची झेप म्हणून डोक्यावर घेतलं असतं. पण नावात ‘एपिसोड वन’ असला तरी प्रदर्शनाच्या क्रमाने हा चौथा, डोळे सरावलेले. बाकीच्यांच्या तक्रारीही खोट्या नव्हत्या. संवाद लाकडी. नट उत्तम, पण हिरव्या-निळ्या पडद्यांपुढे उभे राहून कुणाशी बोलतोय याचा पत्ता नसल्यासारखे. ‘फोर्स’सारख्या गूढ गोष्टीला रक्तातल्या मिडिक्लोरियन जंतूंचा खुलासा जोडला, तो तर भक्तमंडळींना फारच झोंबला. तीर्थात अमुक टक्के क्षार आहेत असं पुजाऱ्यानेच सांगितल्यावर कसं वाटेल, तसं.

मला विचाराल तर पॉडरेस, म्हणजे त्यातली यानांची शर्यत, अजूनही छातीत धडधड आणते. शेवटचं द्वंद्वही. (त्या द्वंद्वामागे संगीतकार जॉन विल्यम्स यांनी जो समूहस्वर वाजवलाय, तो संस्कृत आहे. एका जुन्या वेल्श कवितेच्या ओळी संस्कृतात नेऊन लंडनच्या गायकांकडून गाऊन घेतल्या. व्याकरण बाजूला ठेवून नुसता नाद घेतला, त्यामुळे लहानपणी रामरक्षा पाठ केलेल्या माझ्या कानाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण अंगावर काटा आला.) मधला चित्रपट मात्र पाय ओढत चालतो, यावर माझं दुमत नाही.

आता तुमच्या यादीकडे येतो. 1999 च्या चित्रपटांसाठी तुम्ही ‘फँटम मेनेस’ला सात नामांकनं दिलीत. वाईट चित्रपट, वाईट दिग्दर्शन, वाईट पटकथा. सहायक अभिनेत्यांत दोन, सहायक अभिनेत्रींत एक, आणि एक ‘वाईट पडदा-जोडी’. निकाल लागला तेव्हा चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा या तिन्ही रास्पबेऱ्या ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ने नेल्या. लेखक, दिग्दर्शक आणि कंपनीचा मालक असे तिन्ही असलेले जॉर्ज लुकस यांच्या अंगावर एक शिंतोडाही उडाला नाही. सातांतली एकच रास्पबेरी नेमकी लागली. ती लागली अहमद बेस्ट या पंचविशीतल्या नटाला, जार जार बिंक्सच्या भूमिकेसाठी.

याला आमच्या भाषेत म्हण आहे : चोर सोडून संन्याशाला फाशी.

जार जार म्हणजे लांब कानांचा, धडपडणारा, मोडकंतोडकं बोलणारा परग्रहवासी. तो सहन होत नाही हे मान्य. पण तो कुणी घडवला? त्याचा प्रत्येक शब्द लुकस यांनी लिहिला. तो कुठे पाय घसरून पडेल, कुठे त्याची जीभ अडकेल, हे त्यांनी ठरवलं. बेस्ट ‘स्टॉम्प’ या ताल-नाट्यात झाडू-डबे वाजवत नाचणारा कलाकार, त्याच्या हालचाली पाहून त्याला उचललं. ट्युनिशियाच्या उन्हात तो अंगावर जार जारचा वेष आणि डोक्यावर त्या प्राण्याचं मुंडकं चढवून वावरला, म्हणजे समोरच्या नटांना नजर कुठे ठेवायची ते कळावं. नंतर त्याच्या जागी संगणकावरचं पात्र बसवलं गेलं. खऱ्या नटांच्या चित्रपटात इतका वेळ वावरणारं, बोलणारं, नटाच्या हालचालींवरून संगणकावर उभं राहिलेलं मुख्य पात्र त्याआधी फारसं कुणी केलं नव्हतं. पुढे 2002 साली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या अँडी सर्किस यांच्या गॉलमचं जगाने कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण त्या वाटेवरचे पहिले काटे कुणाच्या पायात मोडले, हे कुणी विचारलं नाही.

जार जारवर दुसरी, जास्त गंभीर टीका झाली ती वंशाची. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जो मॉर्गनस्टर्न यांनी या पात्रात कृष्णवर्णीयांची जुनी हॉलिवूडी टिंगल पाहिली. ‘द नेशन’मध्ये पॅट्रिशिया विल्यम्स यांनीही त्या बोलण्यावर बोट ठेवलं. व्यापारी महासंघाच्या त्या भित्र्या, कारस्थानी मंडळींचे पूर्व आशियाई धाटणीचे उच्चार, वॅटो नावाच्या लोभी व्यापाऱ्याचं नाक, यांवरही लिहिलं गेलं. ही टीका व्हायलाच हवी होती असं मी मानतो. पण तुम्ही काय केलंत पाहा. पात्रात कृष्णवर्णीयांची चेष्टा आहे असा आरोप असलेल्या चित्रपटात, ती चेष्टा लिहिणाऱ्याला सोडून, ती वठवायला लावलेल्या कृष्णवर्णीय नटाच्या हातात रास्पबेरी ठेवलीत.

ही टीका मला त्या काळी मुळीच कळली नव्हती. का कळली नव्हती, तेही सांगतो.

मी हा चित्रपट पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत, भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर पाहिला. दोन डिस्क. पॉडरेसच्या आसपास पहिली संपायची. दुसरीवर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला असावा, कारण ती दर पाच मिनिटांनी अडायची आणि नेमकी जार जारवर अडायची. तोंड वासलेला तो, पडद्यावर चौकोन चौकोन झालेला, आणि खोलीत आम्ही सात-आठ जण लोळून हसतोय. दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीतल्या चौथ्याचं नाव ‘जारजार’ पडलं. तो लातूरकडचा. उंच, हडकुळा, दारातून आत येताना हटकून चौकटीला अडखळणारा. पण नाव काही त्या अडखळण्यावरून पडलं नाही. नाव पडलं ते त्याच्या ‘काय करलालास’वरून. तो बोलायला लागला की आम्ही पुणेरी तोंडं फिरवून त्याचंच वाक्य मोडूनतोडून परत म्हणायचो. मेसमध्ये, बाथरूमच्या रांगेत, परीक्षेच्या सकाळीसुद्धा. तीन वर्षं. मॉर्गनस्टर्न काय म्हणत होते हे मला कुठल्या लेखातून नाही, पुढे कधीतरी हे आठवून कळलं. तेव्हा तुम्हाला शहाणपण शिकवायचा अधिकार मला फारसा नाही. मीही तुमच्याच रांगेत बसून ओरडलोय.

आता जेक लॉइड. अ‍ॅनाकिन स्कायवॉकर हा चित्रपटातला लहानगा नायक झालेला पोरगा. 1997 मध्ये चित्रीकरण झालं तेव्हा आठ वर्षांचा, प्रदर्शन झालं तेव्हा दहाचा. लुकस यांच्या मनात आधी अ‍ॅनाकिन बारा वर्षांचा होता. आईपासून ताटातूट जास्त काळजाला भिडावी म्हणून त्यांनी तो नऊवर आणला. म्हणजे ‘पोरगा फारच लहान वाटतो’ या टीकेचा धनीही कागदावरच ठरलेला. या मुलाला तुम्ही एक नामांकन सहायक अभिनेत्याचं दिलंत. दुसरं ‘वाईट पडदा-जोडी’चं, तेही त्याच्याहून आठ वर्षांनी मोठ्या नॅटली पोर्टमनबरोबर. मी हे दोनदा वाचलं. दहा वर्षांच्या मुलाला जोडीच्या यादीत घालताना तुमच्यापैकी एकाचाही हात अडखळला नाही?

मी हौशी रंगभूमीवरचा माणूस आहे, अधूनमधून बालनाट्य स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. मागे एकदा चौथीतली एक मुलगी राजकन्या झाली होती. लेखक महाशयांनी तिच्या तोंडी वाक्य घातलं होतं, ‘तात, आपली आज्ञा शिरसावंद्य आहे.’ ती म्हणाली ‘शिरसाबंद’. सभागृह हसलं. तिला वाटलं आपण विनोद केला, म्हणून तिने ते परत म्हटलं, आणखी मोठ्याने. आम्हा तिघा परीक्षकांच्या कागदावर अभिनय, लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य असे रकाने होते. काही न बोलता तिघांनीही लेखनाच्या रकान्यात गुण कापले. नऊ वर्षांच्या मुलीला शिरसावंद्य का म्हणायला लावता, हे आम्ही नंतर लेखकाला चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन विचारलं. यात आमचा काही मोठेपणा नाही, गावोगावचे परीक्षक हेच करतात. तुमच्याकडे रकाने होते. वाईट पटकथा होती, वाईट दिग्दर्शन होतं. मग मुलाचा रकाना कशाला उघडलात?

पुढे काय झालं ते आता सार्वजनिक आहे. शाळेत आपण दिसलो की बाकीची मुलं तोंडाने लाइटसेबरचा, म्हणजे स्टार वॉर्समधल्या प्रकाशतलवारीचा, आवाज काढायची, असं लॉइडने स्वतः नंतर सांगितलं. 2001 नंतर त्याने अभिनय सोडला. मोठेपणी त्याला गंभीर मानसिक आजाराला तोंड द्यावं लागलं. इथे मला जपून लिहायचंय, कारण हल्ली लोक हे दोन धागे पटकन एकमेकांना बांधतात. 2024 मध्ये त्याच्या आईने एका मुलाखतीत ठामपणे सांगितलं, की आजार चित्रपटामुळे आला नाही, तो कुटुंबात होता. त्या माउलीचं ऐकावं. माझी मागणी त्या आजारावर उभी नाही. तो आज ठणठणीत असता, बंगल्याच्या आवारात पॉडरेसर चालवत असता, तरी मी हेच पत्र लिहिलं असतं.

अहमद बेस्टचंही तसंच. जुलै 2018 मध्ये त्याने आपल्या लहान मुलासोबतचा ब्रुकलिन ब्रिजवरचा फोटो टाकला. जवळपास वीस वर्षांपूर्वीच्या त्या टीकेच्या माऱ्यात याच जागी आपण आयुष्य संपवण्याच्या टोकाला आलो होतो, असं त्यासोबत लिहिलं. वाचलो, आणि हा पोरगा ही त्याची भेट, असंही. एप्रिल 2019 मध्ये शिकागोला चाहत्यांच्या मेळाव्यात तो मंचावर आला तेव्हा सभागृह उभं राहिलं. 2023 मध्ये ‘द मँडलोरियन’ या स्टार वॉर्सच्याच मालिकेत तो जेडाय योद्धा होऊन आला, दोन तलवारी फिरवत, आणि ज्या बाळाच्या मागे अख्खी मालिका धावते त्याला वाचवणारा तोच निघाला. म्हणजे चाहत्यांनी आपला हिशेब उशिरा का होईना चुकता केला. तुमची वही तेवढी तशीच राहिली.

‘जुन्या गोष्टी आता कशाला उकरता’ असं तुम्ही म्हणू शकत नाही, कारण उकरायची वाट तुम्हीच घातली आहे. 2022 मध्ये ब्रूस विलिस यांच्यासाठी खास काढलेला पुरस्कार त्यांच्या आजाराची बातमी आल्यावर तुम्ही लगेच मागे घेतलात. त्याच दमात शेली डुव्हाल यांचं ‘द शायनिंग’साठीचं नामांकनही रद्द केलंत. ते होतं तुमच्या पहिल्याच वर्षीचं, 1981 चं. एकेचाळीस वर्षांनी! आणि कारण काय दिलंत? सेटवर स्टॅनली कुब्रिक यांनी त्यांना जे वागवलं, त्याचा परिणाम त्यांच्या कामावर झाला. दिग्दर्शकामुळे नटाचं काम तसं झालं, तर त्याचं माप नटाच्या पदरात घालू नये, हा नियम तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलात. मी फक्त त्याची झेरॉक्स तुमच्यापुढे धरतोय.

जानेवारी 2023 मध्ये ‘फायरस्टार्टर’मधल्या बारा वर्षांच्या रायन कीरा आर्मस्ट्राँगला तुम्ही वाईट अभिनेत्रीच्या यादीत घातलंत. लोक खवळले. विल्सन यांनी जाहीर माफी मागितली, नाव काढलं आणि अठराच्या आतल्या कुणालाही यापुढे नामांकन नाही असा नियम केला. वर त्या वर्षीची वाईट अभिनेत्रीची रास्पबेरी तुम्ही स्वतःलाच घेतलीत. हे मला मनापासून आवडलं होतं. आपलीच हुर्यो उडवून घ्यायला कलेजा लागतो. फक्त नियम पुढच्या मुलांना लावलात, मागच्यांना विसरलात.

एक विनंती. कुणीतरी सभेत उठून म्हणेल, ‘बेस्टला आपला रिडीमर पुरस्कार देऊ या, पापक्षालन झालं असं जाहीर करू या.’ कृपा करून हे करू नका. क्षालन म्हटलं की आधी पाप होतं असं ठरतं. या माणसाने सांगितलेलं काम चोख केलं. ते काम सांगायला नको होतं, हा वेगळा मुद्दा आणि त्याचा पत्ताही वेगळा.

लुकस यांना आता पुरस्कार द्या असंही मी म्हणत नाही. चित्रपट तीन ऑस्कर नामांकनं घेऊन ‘द मेट्रिक्स’समोर तिन्ही हरला, तुमच्याकडेही बेस्टची ती एक सोडली तर रिकाम्या हाताने परतला आणि पैसे मोजत बसला. त्याचं जे व्हायचं ते झालं. मे 2024 मध्ये पंचविसाव्या वर्षाला तो पुन्हा थिएटरात लागला. तेव्हा दहा वर्षांची असलेली पोरं आता आपली पोरं घेऊन गेली, आणि त्या नव्या पोरांना व्यापारी करआकारणीचं काही वाटलं नाही म्हणे.

तर मागणी साधी आहे. पुढच्या पत्रकात कुठेतरी दोन ओळी टाका : 1999 साठी अहमद बेस्ट यांना दिलेला पुरस्कार आणि जेक लॉइड यांची दोन्ही नामांकनं आम्ही मागे घेत आहोत. कारणाच्या जागी ‘रकाना चुकला’ एवढं लिहिलंत तरी चालेल. रास्पबेरी परत मागवायची गरज नाही. बेस्टने ती कधी घरी नेली असेल असं मला वाटत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या रांगेतला एक

ता. क. : पत्र पाठवण्याआधी लातूरला फोन लावला. पंचवीस वर्षांत ‘जारजार’ म्हणून नव्हे तर नावाने हाक मारायची वेळ पहिल्यांदाच आली, त्यामुळे थोडा अडखळलो. तुला तो चित्रपट मुळात कसा वाटला होता, असं विचारलं. तो म्हणाला, ‘मी कुठं बघितलो? त्या रात्री मी गावाकडं होतो. परत आलो तर तुम्ही हाक मारलालाव जारजार, जारजार. मला वाटलं, पुण्यात उंच माणसाला म्हणत असतील.’ मग रास्पबेरीबद्दल सांगितलं. किंमत विचारली त्याने. चारशेच्या वर, म्हटलं. ‘मग ती नको मागूस त्यांच्याकडं,’ म्हणाला, ‘पैसेच माग. यष्टीचं तिकीट तर निघंल तुझं. ये की एकदा.’